चहाचा ट्रे आणणारी

“थांब,” नरसव्वाक्का म्हणाली. “चहा कुणी आणला?”

मी सिनेमाच्या ऐन भरात होते. हिरोचा बाप जिन्यावर उभा, खाली हिरो, मधे रडणारी हिरॉइन, आणि आता बाप मुलाला घराबाहेर काढणार. पन्नास-साठ बायकांचे हात विड्या वळत होते आणि कान माझ्याकडे होते.

“कसला चहा, अक्का?”

“तू म्हणालीस ना, बाप चहा पिता पिता उठला. कप कुणी आणून दिला?”

“कामवालीनं.”

“केवढी होती?”

“असेल बारा-तेराची. फ्रॉक होता अंगात. ट्रे ठेवला अन् गेली.”

“कुठं गेली?”

“या अल्ला!” हमीदा ओरडली. “तिकडं जवान पोराला घराबाहेर काढतायत आणि हिला चहाची पडलीय. बाला, तू पुढं सांग गं.”

मी पुढचं सांगायला लागले, पण अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “ती पोर जेवली का तेवढं सांग. मग जा पुढं.”

मला घाई होती. “जेवली.”

“कशाशी?”

“वरण-भात. वर तूप.”

“बरं,” अक्का म्हणाली आणि खाली मान घालून पान कापायला लागली. तिथून ते सुरू झालं.

आमचा विडी कारखाना नगरला होता. मी लग्न होऊन सोलापूरहून तिथे आले आणि महिन्याभरात कामाला लागले. लांब हॉल, दोन्ही भिंतींना लागून बायकांच्या रांगा, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. दिवसभर हात चालायचे. तोंड मात्र मोकळं असायचं. मला सिनेमाचं वेड होतं आणि पाहिलेलं जसंच्या तसं सांगायची हातोटी होती. मग बायकांनीच ठरवलं की बालामणीने दर रविवारी सिनेमा बघायचा आणि सोमवारपासून तो सांगायचा. एक सिनेमा दोन-तीन दिवस पुरायचा. सांगताना माझे हात थांबायचे, मारामारी असली तर फारच. म्हणून येता-जाता प्रत्येकजणी आपल्या चार विड्या माझ्या सुपात टाकून जायची.

वाचता आम्हाला कुणालाच येत नव्हतं. मला अक्षर आलं ते फार पुढे, पंचेचाळिशी ओलांडल्यावर. त्यामुळे पोस्टरवर काय लिहिलंय ते आम्हाला कळायचं नाही आणि हिरोंना आम्ही आमच्या मनाने नावं दिली होती. एक कुरळ्या, एक खळ्या. खळ्याच्या गालाला खळी पडायची. हमीदा कुरळ्याची आणि यल्लूबाई खळ्याची, आणि दोघींचं त्यावरून रोज वाजायचं.

“तुझा खळ्या रडतो तेव्हा नाक आधी गळतं,” हमीदा म्हणायची.

“आणि तुझा कुरळ्या? दहा गुंडांना लोळवतो, पण भांग मोडत नाही त्याचा. विग आहे, विग.”

“विग असेल तुझ्या नवऱ्याचा!”

“माझ्या नवऱ्याला विगसुद्धा बसत नाही,” यल्लूबाई म्हणायची आणि सगळा हॉल हसायचा.

नरसव्वाक्का या भांडणात कधी पडली नाही. वयाने ती आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आयुष्यात एकही सिनेमा तिने पाहिला नव्हता. नवरा पाठवायचा नाही. तरी सिनेमाबद्दल तिचं मत सगळ्यात पक्कं होतं. हिरो-हिरॉइनशी तिला घेणंदेणं नव्हतं. बंगल्यात स्वयंपाकघर कुठे आहे, खिडकी आहे का, कामवाली पोर झोपते कुठे, तिला पांघरूण आहे का, एवढंच ती विचारायची. स्वयंपाकघर न दाखवणारा सिनेमा तिच्या मते वाईट. तेवढ्यावरून तिने मोठमोठे सिनेमे मोडीत काढले.

“हिला हिरो नको, चूल पाहिजे,” हमीदा चिडवायची.

सिनेमात स्वयंपाकघर दिसत नाही. बंगल्याचा जिना दिसतो, पियानो दिसतो, बाग दिसते. कामवाली ट्रे घेऊन येते आणि ट्रे ठेवून जाते. अक्काला हे सांगायचं तरी कसं? मी रचायला लागले. आधी वरण-भात, मग पुरणपोळी, एकदा तर बासुंदी. जिन्याखाली तिला खोली दिली, खोलीला खिडकी दिली. हिरॉइनच्या जुन्या साडीची गोधडी दिली. एका सिनेमात ती शाळेत जायला लागली. हळूहळू बाकीच्या बायकाही तिचं ऐकायला लागल्या. अक्का कधी जास्त बोलायची नाही. ‘बरं’ म्हणायची. पण पोरीचं सांगून झालं की तिचे हात भराभर चालायचे.

आज माझी नात मला मोबाइलवर नवे सिनेमे दाखवते. आम्ही दोघी भांडतो. ती म्हणते, आजी, तुमच्या वेळचे सिनेमे लांबलचक आणि रडके. मी म्हणते, तुमच्यात कामवालीला चेहरासुद्धा नाही. पडद्याच्या कडेने नुसता हात येतो, कप ठेवतो आणि जातो. ती म्हणते, तुझं लक्ष भलतीकडेच असतं. तिचं खरं आहे. ती सवय मला अक्काने लावली.

अशी पाच वर्षं गेली. मग अक्काचा नवरा वारला. वर्ष होऊन गेलं, आणि एका शनिवारी सुटी होताना ती मला म्हणाली, “बाला, उद्या मी येते.”

“कुठं?”

“सिनेमाला.”

“उद्याचा चांगला नाहीये, अक्का. नुसती मारामारी.”

“असू दे.”

“तिकीट मिळायचं नाही. लायनीत धक्काबुक्की असते.”

“लेडीजची लाइन वेगळी असते म्हणून तूच सांगतेस ना?”

हमीदा मागून आलीच. “ने की गं तिला. एकदाची बघू दे तिची लाडकी. बासुंदी खाऊन केवढी जाड झाली असेल!”

त्या रात्री मी नीट जेवले नाही. सहा वर्षांत अक्काला मी जेवढं सांगितलं त्यातलं निम्मं पडद्यावर कधी नव्हतंच. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तिला कळणार. त्या बाईला दुसरं काही नव्हतं. घरी मुलंबाळं नाहीत, नवरा होता तोवर त्याचा मार होता. माझ्याशेजारी बसून ती एक पोर वाढताना ऐकत होती, आणि ती पोर मी हवेत रचली होती. उद्या तीन ते सहाच्या खेळात ते सगळं पडणार आणि सोमवारी अक्का माझ्याशेजारी बसणार नाही.

रविवारी ती धुवट हिरवं लुगडं नेसून आली. पदराला शेंगांची पुरचुंडी. टॉकीजमध्ये अंधार झाला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. पडद्यावर एवढाले चेहरे पाहून जरा मागे सरली, पण घाबरली नाही.

“हाच का कुरळ्या?” तिने विचारलं.

“हाच.”

“विगच आहे,” ती म्हणाली.

मला हसू आलं आणि थोडं बरं वाटलं. पण अर्ध्या तासात बंगला आला. पांढरा जिना, झुंबर, सोफ्यावर हिरोची आई आणि एक जाडा मामा. हा मामा हसवण्यापुरता होता. मी देवाला म्हटलं, आज कुणाला चहाची तल्लफ येऊ देऊ नको. देवाने ऐकलं नाही. दारातून एक पोर ट्रे घेऊन आली. दहा-अकराची असेल. केस तेल लावून घट्ट बांधलेले. मामा वळला, त्याचा धक्का ट्रेला लागला, चहा त्याच्या धोतरावर सांडला. त्याने पोरीच्या थोबाडीत दिली. आवाज मोठा केला होता, टाळीसारखा. मग मामा धोतर धरून नाचायला लागला आणि सगळं थिएटर हसलं. आमच्या लेडीजच्या बाकावरच्या बायकाही हसल्या. पोर खाली पडलेले कपाचे तुकडे वेचत होती. कॅमेरा मामावर होता. ती कडेला जेमतेम दिसत होती.

अक्काची नखं माझ्या मनगटात रुतली.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा तिने विचारलं, “आता येईल ना ती परत?”

“येईल की,” मी म्हणाले.

मग ती पडद्यावर बघत राहिली. गाणी झाली, गाडीमागे गाडी धावली, हिरोची आई मेली. प्रत्येक वेळी बंगला आला की अक्का बसल्या जागी सरळ व्हायची, मान पुढे काढून दाराकडे बघायची. शेवटी लग्न झालं. सगळे एका ओळीत उभे राहून हसले, मामासुद्धा. दिवे लागले. शेंगांची पुरचुंडी तिने सोडलीच नव्हती.

बाहेर सायकल स्टँडच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. माणसं निघून गेली. मलाच राहवेना.

“अक्का, मी खोटं सांगत होते. सगळे सिनेमे असेच असतात. ती येते, ट्रे ठेवते, जाते. तिचं पुढं काही दाखवत नाहीत. खोली, गोधडी, शाळा, सगळं मी मनानं घातलं. पाया पडते तुझ्या, रागावू नको.”

“माहीत होतं मला,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. कामवाल्या पोरीला बासुंदी कोण देतं गं? मी काय इतकी खुळी आहे?”

“मग विचारायचीस कशाला?”

“तू दर वेळी तिला जेवायला घालायचीस,” ती म्हणाली. “तेवढं ऐकलं की मला घरी जाऊन घास उतरायचा.”

मग तिने सांगितलं. तिला एक मुलगी होती. नऊ वर्षांची झाली तेव्हा नवरा तिला बहिणीकडे नेतो म्हणून करीमनगरला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. तापाने गेली म्हणाला. दहाव्या दिवशी आमच्या तेलुगू समाजाला जेवण घातलं. महिन्याभराने एकदा पिऊन आला आणि ही रडत बसलेली पाहून म्हणाला, उगीच रडू नको, जिवंत आहे, मुंबईला मोठ्या बंगल्यात कामाला ठेवलीय, माझ्यापेक्षा बरं खात असेल. कुणापाशी बोललीस तर तिला तिकडून कुठे हलवीन ते तुलाही कळणार नाही. पोरीला परक्याच्या घरी विकली म्हणून समाज वाळीत टाकेल, अशीही भीती घातली.

“नऊ वर्षं झाली, बाला. मुंबईचा बंगला कसा असतो ते मी कधी बघितलं नव्हतं. तुझ्या सिनेमात बंगला यायचा. म्हणून मी विचारायची. आज वाटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी बघू.” तिने पुरचुंडीची गाठ सोडली आणि परत बांधली. “बघितला.”

मी तिला घरापर्यंत सोडलं. दारात तिने मला थांबवलं, आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक पाकीट घेऊन बाहेर आली. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. नवरा गेल्यावर त्याच्या कपड्यांखाली सापडलं होतं. आत काही नव्हतं. मागच्या बाजूला शाईने तीन ओळी लिहिलेल्या.

“पाठवणाऱ्याचा पत्ता असेल ना हा?” तिने विचारलं.

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मला काय कळणार होतं? “कुणाकडून वाचून घेऊ या.”

“नको,” तिने ते ओढूनच घेतलं. “वाचणारा विचारील, कुणाचा पत्ता, कशाला. मी काय सांगू? मेलेल्या पोरीचा? अख्खी गल्ली जेवलीय तिच्या नावानं.”

सोमवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं तोच हमीदाने सुरुवात केली. “काय अक्का, बघितलास का कुरळ्या? कसा आहे?”

“विग आहे,” अक्का म्हणाली.

यल्लूबाईने मांडीवर थाप मारली. “मी सांगत नव्हते? आता हिचंच ऐक. सहा वर्षांत पहिला सिनेमा बघितला आणि पहिल्याच नजरेत ओळखला!”

“तिची नजर अधू झालीय,” हमीदा म्हणाली. “बाला, तू सुरू कर.”

मी सुरू केलं. हिरो परदेशातून येतो, विमानतळ, गाडी, गाणं. बायका रंगल्या. बंगला आला. जिना सांगितला, झुंबर सांगितलं, मामाचं धोतर सांगितलं. आणि दारातून येणारी पोर समोर दिसायला लागली तशी माझी जीभ अडली. दोन वाटा होत्या. ट्रे नीट ठेवला म्हणावं, मामाने पाठ थोपटली म्हणावं, पोरीला लाडू दिला म्हणावं. सगळ्यांना तेच हवं होतं. मी अक्काकडे पाहिलं. तिने विडी वळून बाजूला ठेवली.

“जसं होतं तसं सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. धक्का, चहा, थोबाडीत, टाळीसारखा आवाज. थिएटर हसलं तेही सांगितलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

“मग?” यल्लूबाईने विचारलं. “मग हिरोनं मामाला हाणला असेल.”

“नाही.”

“हिरॉइननं पोरीला जवळ घेतलं?”

“नाही. तिला परत दाखवलीच नाही.”

“असं कसं?” हमीदा भडकली. “एवढ्याशा पोरीला मारतात आणि कुणी काही बोलत नाही? हा कसला हिरो? आग लागो त्याच्या कुरळ्या केसांना! नाव काय होतं पोरीचं?”

“नाव कुणी घेतलंच नाही. ‘ए छोकरी’ म्हणाले.”

“राजमणी,” नरसव्वाक्का म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिची मान खाली होती.

“सिनेमात?” हमीदाने विचारलं.

“नाही. माझी.”

यल्लूबाईच्या हातातली कात्री थांबली. “अक्का, तुझी राजमणी तर... मी आले होते की गं. दहाव्याला. जेवले होते मी तुझ्या घरी.”

“सगळ्याच जेवलात,” अक्का म्हणाली. “ती मेली नव्हती.”

मग तिने ते सगळं परत सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, आवाज न चढवता. विड्या तपासणारा चेकर दारात येऊन उभा राहिला, कुणाचेच हात चालत नाहीत बघून काहीतरी बोलणार होता, पण हमीदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच मागे फिरला. अक्काने पोलक्यातून पाकीट काढलं. ते एका हातातून दुसऱ्या हातात सगळ्या हॉलभर फिरलं. वाचता कुणालाच येत नव्हतं, तरी प्रत्येकीने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. कुणी त्यावर बोट फिरवलं. शेवटी ते यल्लूबाईकडे आलं. यल्लूबाईचा सासरा समाजाच्या पंचांत होता. तिने ते पाकीट परत दिलं नाही, कमरेच्या पिशवीत घातलं.

“समाजाचं मी बघते,” ती म्हणाली. “जेवण मी जेवलेय, जाब मी देईन. कधी निघायचं बोल.”

त्या आठवड्यात आम्ही चौघी मुंबईच्या यष्टीत बसलो. अक्का, हमीदा, यल्लूबाई आणि मी. मुंबई चौघींपैकी कुणीच पाहिली नव्हती. सिनेमे पाहिले म्हणून मला सगळं ठाऊक असणार असं त्यांना वाटत होतं, आणि मीही तसाच आव आणला. घाटात हमीदाला उलट्या झाल्या. अक्का खिडकीशी एकदाही डोळा न मिटता बसली होती. दादरला उतरल्यावर एका हवालदाराला पाकीट दाखवलं, मग एका फुलवालीला, मग शाळेच्या पोरींना. पाकीट पुढे करायचं, माणूस हात दाखवील तिकडे चालायचं, पुढच्या कोपऱ्यावर परत पुढे करायचं. दुपार कलली तेव्हा एका कॉलेजच्या मुलाने बोट दाखवून सांगितलं, हेच.

बंगला नव्हता. तीन मजल्यांची साधी इमारत होती, जिन्यात चपला पडलेल्या. दुसऱ्या मजल्यावर यल्लूबाईने बेल दाबली.

दार एका मुलीने उघडलं. उंच, सावळी, कोपरापर्यंत कणीक लागलेली. तिने आम्हा चौघींकडे पाहिलं. “कोण पाहिजे?” तिने विचारलं, स्वच्छ मराठीत. अक्काच्या घरच्या तेलुगूचा त्यात मागमूस नव्हता.

अक्का तिच्या खांद्यावरून आत बघत होती. तिचे डोळे कमरेएवढी, नऊ वर्षांची पोर शोधत होते. मुलीनेही तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, पत्ता चुकलेल्या बायांकडे बघतात तसं.

हमीदाने मला कोपर मारलं. “बाला, बोल की.”

मी पुढे झाले. आधी मुलीला आईचं नाव सांगितलं. मग आईला मुलीचं.